अनुभव धागा: पंचक्रोशीतलं मटण पारखून घेताना

बोकड शेजारच्या गोठ्यातला असला म्हणून मटण चांगलंच निघेल असं नाही. जनावर निवडण्यापासून चुलीवर चढवण्यापर्यंत जे ठाऊक आहे ते सविस्तर लिहा. तुमचा भाग कोणता, तेही सांगा.

धाराशिवकडून
वय दातांवरून कळतं. खालचा ओठ खाली ओढून बघा. आठही दात बारीक दुधाचे असतील तर बोकड आदत. मधले दोन मोठे आले की दोनदाती, साधारण सव्वा ते दीड वर्षाचा. रश्श्यासाठी दोनदाती खच्ची बोकडच घ्या: हाडाला चव आलेली असते आणि मांस निबर झालेलं नसतं. न खच्ची केलेला मोठा बोकड माजावर असेल तर त्याचा उग्र वास मसाल्याने दबत नाही. शेवटी कमरेच्या मणक्यावर बोटं दाबायची. हाडं टोचली तर रोड, लागलीच नाहीत तर चरबी जास्त, गोलसर लागली की सौदा करायला हरकत नाही.

सांगोल्याकडून
जिवंत वजनावर घेत असाल तर सकाळी, चारा घालायच्या आधी काटा लावा. मीठ चारून पाणी पाजलेलं जनावर दोन किलो तरी जास्त भरतं. २५ किलोच्या उस्मानाबादी जातीच्या बोकडातून हाडासकट ११ ते १२ किलो मटण धरा. मुंडी, पाय, वजडी वेगळी. आदल्या संध्याकाळपासून चारा बंद, पाणी चालू. भरलेली पोटी कापताना फाटली तर घाण मटणाला लागते, आणि धुतल्याने ती आणखी पसरते. तेवढा भाग सुरीने काढूनच टाकावा.
बोकड मिळून घेतला असेल तर वाटे नजरेने लावू नका, तोलून लावा. प्रत्येक वाट्यात मांडी, सीना, मान, नळी आलीच पाहिजे, काळीजही चिरून सगळ्यांत.

पशुवैद्यकीय कामातून
पहिला प्रश्न औषधाचा विचारा: शेवटचं इंजेक्शन कधी, जंताचं औषध कधी? बाटलीवर मांसासाठी थांबायचे दिवस छापलेले असतात. ऑक्सिटेट्रासायक्लिन या प्रतिजैविकाचं लांब पल्ल्याचं इंजेक्शन दिलं असेल तर चार आठवडे थांबावं. गावात मालक ओळखीचा असतो, तेव्हा विचारायला संकोच कसला?
कापल्यावर काळीज आणि फुप्फुस स्वतः बघा. काळजाच्या नळ्या जाड झालेल्या आणि आत पानासारखे चपटे जंत दिसले, तर ते काळीज खायचं नाही. तळ्याकाठी, कालव्याकाठी चरणाऱ्या जनावरांत हे जास्त आढळतं. पाण्याने भरलेले पांढरट फुगे दिसले तर तो अवयव कुत्र्यापुढे मुळीच टाकू नका. त्यातले जंत कुत्र्याच्या आतड्यात वाढतात, अंडी विष्ठेतून चाऱ्यावर आणि भाजीपाल्यावर येतात, मग माणसाच्या यकृतातही तसाच फुगा धरतो. जाळा किंवा कुत्र्याला उकरता येणार नाही इतकं खोल पुरा. एवढं एक काम प्रत्येक गावाने पाळलं पाहिजे.

संगमनेरकडून
गावरान म्हणून रंगीत पिसांची संकरित कोंबडीही विकली जाते. खरी गावरान पाच-सहा महिन्यांत जेमतेम किलो-सव्वा किलो भरते. पाय बारीक, छातीचं हाड धारदार. कोवळी की जून हे छातीच्या हाडाच्या मागच्या टोकावर कळतं: दाबल्यावर वाकलं तर कोवळी. पिसं काढून कातडीसकट जाळावर भाजा, हळद चोळा, मग तुकडे करा. पातेल्यात तासभर तरी लागतो.

पुणे जिल्ह्यातून
बोल्हाई देवीला मानणाऱ्या घरांत बोकड चालत नाही, मेंढीच लागते.

सांगोल्याकडून, पुन्हा
शिजवण्याचं राहिलं. कापल्यावर दोन तासांत चढवलं तर मटण मऊ होतं. उशीर झाला की मांस ताठरतं. मग घाई न करता रात्रभर फ्रीजच्या खालच्या कप्प्यात ठेवून दुसऱ्या दिवशी करा. गरम मटण थेट बर्फाच्या कप्प्यात गेलं की आखडतं आणि चिवटच राहतं.