तासन्‌तास चालणारे व्हिडिओ बघणाऱ्या कोल्हापूरकरांनो, बोला!

तिकटी

‘नंतर बघू’ म्हणून साठवलेल्या यादीत ज्यांच्याकडे दोन-दोन, चार-चार तासांचे व्हिडिओ पडून आहेत, आणि जे ते खरोखर बघतात, त्यांच्यासाठी हा धागा.

व्हिडिओ निबंध म्हणजे काय, यावर वाद नको. एक माणूस, एक विषय, आणि मुद्दा पटवून दिल्याशिवाय न उठायची तयारी. पॉडकास्टमध्ये नुसतं बोलतात, इथं दाखवत बोलतात. माहितीपटात सांगणारा आपलं मत झाकून ठेवतो, इथं ते उघड्यावर असतं. २००५ च्या एप्रिलमध्ये यूट्यूबवर चढलेला पहिला व्हिडिओ जेमतेम १९ सेकंदांचा होता, हत्तींसमोर उभा राहून बोलणारा एक पोरगा. मग बराच काळ १० मिनिटांची मर्यादा होती, २०१० मध्ये ती १५ झाली आणि त्याच वर्षाच्या शेवटी बऱ्याच खात्यांसाठी उठलीच. आता लोक एका बंद पडलेल्या हॉटेलवर चार तास बोलतात आणि आपण ऐकतो.

काय बघता, कधी बघता, कुणासोबत बघता, ते लिहा. बघून तुमच्या कामात किंवा डोक्यात काही हललं असेल तर ते आधी लिहा. कोल्हापूर म्हणजे सगळा जिल्हा धरा. इचलकरंजी, कागल, गडहिंग्लज, सगळे या. ‘एवढा वेळ मिळतो कुठून’ हा प्रश्न इथं विचारायचा नाही, तो घरी रोज विचारला जातो.

शिफ्टवाला

मी शिरोली एमआयडीसीत टूलरूमला. व्हीएमसीवर (संगणकावर चालणारं मिलिंग मशीन) मोठा डाय, म्हणजे साचा लावला की फिनिशिंगचा पास संपता संपत नाही, पण तेव्हा कानात काही घालायचं नसतं. कटर बिघडायला लागला की आधी कानाला कळतं. त्यामुळं माझं बघणं रात्रपाळीहून आल्यावर, झोप लागेपर्यंत.

गेम मी कधी खेळलो नाही. तरी सगळ्यात जास्त बघतो ते जुन्या व्हिडिओ गेममधल्या विक्रमांचे इतिहास. समनिंग सॉल्ट नावाचं चॅनल त्यासाठी प्रसिद्ध आहे, आता तसे बरेच झालेत. टेट्रिसचंच घ्या. जुन्या निन्टेंडोवर २९ व्या पातळीला ठोकळे इतके भरभर पडतात, की बटण दाबून धरलं तर ते कडेपर्यंत पोचतच नाहीत. लोकांनी वर्षानुवर्षं धरून चाललेलं की गेम इथं संपतो. मग काहींनी बटण दाबून धरायचं सोडलं आणि अंगठा थरथरवत ठोकायला लागले. त्याच्याही पुढं कुणीतरी गेलं: अंगठा बटणावर नुसता टेकवायचा आणि कंट्रोलरच्या पाठीवर मागून एकेक बोट आपटायचं. डिसेंबर २०२३ मध्ये अमेरिकेतला १३ वर्षांचा पोरगा असं करत १५७ व्या पातळीला गेला आणि गेमच गोठला. पलीकडं जायला जागाच राहिली नाही.

सायकल टाइम, म्हणजे एका जॉबला लागणारा वेळ, कमी करा म्हटलं की आमच्याकडं सगळे फीड, म्हणजे कटर सरकायचा वेग वाढवतात. आमचे जुने फोरमन फीडला हात लावायचे नाहीत, जॉब पकडायची पद्धत बदलायचे. हे त्या टेट्रिसच्या पोरांनी केलं, आणि ते नीट कळायला दीड तास लागतोच. दहा मिनिटांत सांगितलं असतं तर ‘पोरगं हुशार आहे’ एवढंच कळलं असतं.

अभ्यासिका

एमपीएससी. दुप्पट वेगानं बघतो म्हणजे निम्माच वेळ वाया जातो, असा माझा हिशेब आहे. जेवताना काय लावायचं ते शोधण्यात भाकरी गार होते, हा एकच तोटा.

देठ मोडणारी

निवृत्त शिक्षिका, शिवाजी पेठ. माझ्या भाचीनं नाद लावला. उन्हाळ्यात वर्षाची चटणी करायची म्हणजे मिरच्यांचे देठ मोडत दुपारच्या दुपार जाते. दोन्ही हात गुंतलेले, डोळ्याला हात लावायची सोय नाही. फोन डब्याला टेकवून ठेवायचा आणि एकदा लावलं की बदलायचं नाही. बदलणार कोण? मिरचीचे हात फोनला लागले की संध्याकाळी कानाला लागतात. म्हणून मला लांबलचकच लागतं.

तिकटीताईंनी वर म्हटलंय ते हॉटेल मी बघितलं. जेनी निकल्सन नावाची मुलगी, मे २०२४ चा व्हिडिओ. डिस्नीनं फ्लोरिडात ‘स्टार वॉर्स’ सिनेमांतल्या अवकाशयानासारखं हॉटेल काढलं, २०२२ च्या मार्चला उघडलं आणि २०२३ च्या सप्टेंबरला बंद. दोन रात्रींचे दोघांचे दर साधारण ४,८०० डॉलर! त्या सिनेमांतला एकही मी पाहिलेला नाही. इंग्रजी अक्षरं खाली लावते आणि वेग जरा कमी करते, म्हणजे चार तासांचे पाच होतात, मला चालतं.

तर एवढे पैसे भरून ही मुलगी जेवणाच्या वेळचं गाणं ऐकायला बसते, आणि समोर खांब. सगळा कार्यक्रम खांबाच्या आडून. मी एकटीच इतकी हसले की शेजारच्या वहिनी भिंतीपलीकडनं ओरडल्या, “काय झालं गं? मी येतो काय?” आमच्या वेळच्या थिएटरात खांबामागची खुर्ची मिळाली तर आम्ही डोअरकीपरशी भांडून बदलून घ्यायचो. ती मुलगी भांडली नाही, घरी येऊन चार तास शांतपणे एकेक पावती दाखवत बोलली. भांडण असंही करता येतं हे मला या वयात कळलं. वर्गात शिकवताना कळलं असतं तर मुख्याध्यापकांची खैर नव्हती.

पेठेतला

विषयाला सोडून वाटलं तर वाटू दे, पण मला हा प्रकार झेपत नाही. वीस मिनिटं प्रस्तावना, मग ‘पण त्याआधी थोडा इतिहास’, मग प्रायोजक. आमटीत पाणी घालून पंगत उरकायची तसं चाललेलं असतं. आणि हे लांबवणं काही कलेसाठी नाही. यूट्यूबनं २०१२ मध्ये किती लोकांनी उघडलं याऐवजी किती वेळ बघितलं यावर शिफारशी द्यायला सुरुवात केली. व्हिडिओच्या मध्ये जाहिरात घालायला आधी १० मिनिटांची लांबी लागायची, जुलै २०२० पासून ८ पुरते. ज्याला पैसे लांबीचे मिळतात तो लांबच बोलणार की ओ.

तिकटी

@पेठेतला, आठ मिनिटांची अट आठ मिनिटांत भागते. चौथ्या तासाचं कारण दुसरं असणार. बाकी प्रायोजकांबद्दल शंभर टक्के सहमत.

चिखलीकर

आमचं गाव नदीच्या काठाला. पुरावर केलेला एक लांब व्हिडिओ मला तीन वेगवेगळ्या लोकांनी पाठवला. चॅनलचं नाव घेत नाही. ड्रोनचं चित्रण सुरेख, नकाशे हलतात, संगीत गंभीर. आणि मध्यावर सांगतात, की राधानगरीचे दरवाजे अधिकाऱ्यांनी मध्यरात्री उघडले.

राधानगरीचे ते सात दरवाजे स्वयंचलित आहेत. धरण ३४७.५ फुटांना भरलं की पाणी चढेल तसे आपोआप उघडतात, उतरलं की आपोआप बसतात. रात्री बटण दाबायला तिथं कुणी बसलेलं नसतं. इथलं शाळकरी पोरही सांगेल, पावसाळ्यात ‘चौथा दरवाजा उघडला’ ही बातमी ते रोज ऐकतं. त्या एका वाक्यावर पुढची पंचवीस मिनिटं उभी होती: कुणी सांगितलं, का सांगितलं, कुणाचा फायदा.

खरी गोष्ट त्यापेक्षा गुंतागुंतीची आहे आणि तिला खरंच दोन तास लागतील. कासारी, कुंभी, तुळशी, भोगावती एकत्र येऊन पंचगंगा होते, ती पुढं नृसिंहवाडीला कृष्णेला मिळते. कृष्णाच फुगलेली असली की आमचं पाणी जाणार कुठं? ते मागं सरकतं आणि शेतात थांबतं. राजाराम बंधाऱ्यावर ३९ फूट इशारा, ४३ फूट धोका. २०१९ च्या ऑगस्टमध्ये पाणी ५५ च्या वर गेलं. हायवे बंद, शहराला दूध-पेट्रोल नाही. दरवाजांचं रहस्य रंगवण्यापेक्षा ‘पाणी उतरायला इतके दिवस का लागले’ हा प्रश्न कुणी धरला असता तर मी स्वतः त्याला जेवायला घातलं असतं.

मी बघणं सोडलेलं नाही. पण मला ज्यातलं कळतं असा एखादा विषय त्या चॅनलवर आधी शोधतो. तिथं नापास झाला तर रोमन साम्राज्यावरही त्याचं ऐकत नाही.

पिवळं कार्ड

@चिखलीकर, लाखमोलाची चाळणी. यात आणखी एक घाला: उचलेगिरी. डिसेंबर २०२३ मध्ये हॅरी ब्रुइस या इंग्लंडच्या माणसानं (चॅनलचं नाव एचबॉम्बरगाय) जवळपास चार तासांचा व्हिडिओ केला, दुसऱ्यांचे लेख आणि पुस्तकं उचलून स्वतःचे म्हणून वाचणाऱ्यांवर. एका बाजूला मूळ उतारा, दुसऱ्या बाजूला याचं बोलणं, शब्दाला शब्द. ते बघितल्यापासून व्हिडिओखाली संदर्भांची यादी नसेल तर मला अस्वस्थ वाटतं. वाचनालयात जाऊन एखादं तरी मूळ पुस्तक काढायची सवय लागली. करवीर नगर वाचन मंदिर १८५० पासून उभं आहे, तिथं कुणी मधेच जाहिरात लावत नाही.

खरी कॉर्नर

सिनेमावरचे व्हिडिओ निबंध मी कॉलेजपासून बघतोय. ‘एव्हरी फ्रेम अ पेंटिंग’ २०१४ ला सुरू झालं तेव्हाचा. ते लांब नव्हते, पण दृश्य थांबवून, मागं नेऊन, ‘इथं बघ’ म्हणायची रीत त्यांनी शिकवली. लांबवाले नंतर आले.

माझी खंत वेगळी आहे. रोज कॅमेरा स्तंभावरनं जातो. बाबूराव पेंटरांनी याच गावात मूकपट काढले. बाबूराव आणि आनंदराव या भावंडांनी कॅमेरा स्वतः जुळवायची खटपट केली. ‘प्रभात’ १९२९ ला इथं जन्मली आणि १९३३ मध्ये पुण्याला गेली. चार तासांचा ऐवज आहे हा! मी आराखडा करायला बसलो आणि अडलो: दाखवू काय? ‘सावकारी पाश’ १९२५ चा, भारतीय वास्तववादाचा पाया म्हणून सगळे त्याचं नाव घेतात, आणि त्याची मूळ मूक प्रत आज उपलब्ध नाही. जे वाचलं होतं त्यातलंही पुष्कळ २००३ साली पुण्याच्या संग्रहालयाच्या आगीत गेलं. हॉलिवूडवर बोलणाऱ्याकडं प्रत्येक वाक्याला एक दृश्य असतं. आमच्याकडं वाक्यं भरपूर, दृश्यं नाहीत. लेख लिहिता येतो. व्हिडिओ निबंधाला तुकडा लागतो, त्याशिवाय तो नुसता स्थिरचित्रांवरचा आवाज होतो.

देठ मोडणारी

@खरी कॉर्नर, मग ‘नाही’ हेच दाखवा ना. रिकामा पडदा ठेवा आणि बोला. मी बघेन. मिरच्या अजून आहेत.

वादीवेणी

सुभाषनगर. घरात चपलेचा धंदा, आजोबांपासून. २०२५ च्या जूनमध्ये मिलानच्या शोमध्ये प्राडानं आपल्यासारखी चप्पल चालवली आणि मूळ कुठलं ते सांगितलं नाही, तेव्हा जगभरच्या लोकांनी त्यावर व्हिडिओ केले. टीकेनंतर कंपनीनं भारतीय कारागिरीतून प्रेरणा घेतल्याचं मान्य केलं, हे सगळ्यांना माहीत आहे. मी पप्पांना त्यातले दोन-तीन मोठे लावून दाखवले, वाक्यावाक्याला थांबवून मराठीत सांगत.

पप्पांना कंपनीत रस नव्हता. एके ठिकाणी कारागीर तळ शिवताना दाखवला तर म्हणाले, “थांबीव. मागं घे.” मग परत. “हा डावरा आहे बघ.” व्हिडिओ करणारी बोलत होती सांस्कृतिक मालकीवर, आणि पप्पा टाके मोजत होते. बाभळीच्या सालीत आणि हिरड्यात कातडं कमवायचं वर्णन आलं तेव्हा मात्र हात थांबवून ऐकलं. मग म्हणाले, वास सांगितला नाही हिनं. वासाशिवाय ते काम काय कळणार?

त्या बाईचा एक मुद्दा मला पटला. भौगोलिक मानांकन २०१९ ला मिळालं, महाराष्ट्र आणि कर्नाटकातल्या चार-चार जिल्ह्यांना मिळून. पण मानांकन नावाचं रक्षण करतं, आकाराचं नाही. दुसऱ्यानं नाव न घेता तसाच पट्टा, तसेच कान काढले तर कायदा फारसा मदतीला येत नाही. हे आमच्या गल्लीत मला कुणी समजावून दिलं नव्हतं, मोर्चात पण नाही. आता गिऱ्हाइकाला मी ते सांगते. गिऱ्हाईक म्हणतं, ते ठीक आहे, कमी किती करणार?

शाहू स्टेडियम

मी फुटबॉलच्या डावपेचांचे बघतो. फायदा: पेठेच्या मॅचला शेजारच्यांना ‘बचावाची फळी वर चढवायला पाहिजे’ असं सांगता येतं. तोटा: शेजारचे ऐकून घेत नाहीत.

चुलवण

सगळं वाचलं. मी मराठीत असे व्हिडिओ करायच्या खटपटीत आहे, कागलजवळ राहतो. अजून चॅनलला म्हणावी तशी गर्दी नाही. एक ऊसतोडीच्या टोळ्यांवर केला, पाऊण तासाचा. आवाज रात्री उशिरा रेकॉर्ड करतो, कारण आमच्या रस्त्यावर हंगामात ट्रॅक्टरवाले स्पीकर लावून ट्रॉल्या ओढतात. खर्च कॅमेऱ्याचा नाही हो, जायचा-यायचा आहे, आणि लोकांना बोलतं करण्यात जाणाऱ्या दिवसांचा. यूट्यूबचा आलेख सांगतो की निम्मे लोक पहिल्या काही मिनिटांत उठतात. जे राहतात ते मात्र शेवटपर्यंत राहतात, आणि खाली मुकादमानं उचल कशी दिली, कापली कशी, याचे स्वतःचे हिशेब लिहितात. माझ्या व्हिडिओपेक्षा ते चांगले आहेत.

@चिखलीकर, पाणी उतरायला वेळ का लागतो हा विषय घेतला. पण जून उजाडल्याशिवाय चित्रण होणार नाही. जेवायला घालायचं बोललाय ते लक्षात आहे.

त्याआधी गुऱ्हाळं. कोल्हापुरी गुळाला २०१४ मध्ये मानांकन मिळालं, आणि गुऱ्हाळं तर वर्षाला कमीच होत चाललीत. मला चालू घाणा, चुलवाण (रस आटवायची मोठी चूल) आणि जुना गुळव्या (गूळ करणारा), तिन्ही एका जागी पाहिजेत. कुणाच्या शेतात असेल तर कळवा. जानेवारीत येतो. दिवसभर थांबेन, मधे मधे प्रश्न विचारेन, काकवी दिली तर नाही म्हणणार नाही.