"पाच वर्षांनी कुठे असाल?" याचं खरं उत्तर द्यावं का? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

मी कोपरखैरण्याला राहतो, वय ३४. महापे एमआयडीसीतल्या एका गोदामात ९ वर्षं काढली, त्यातली शेवटची ४ शिफ्ट इनचार्ज म्हणून. कंपनीने पसारा भिवंडीला हलवला तेव्हा बऱ्याच जणांना कमी केलं, त्यात मीही होतो. तेव्हापासून ऐरोली, रबाळे, तळोजा असं मुलाखतींना फिरतोय. कामाच्या प्रश्नांना अडत नाही. स्टॉकची जुळवणी, फिफो (आधी आलेला माल आधी बाहेर), डॉकवर कुठली गाडी आधी घ्यायची, हे सगळं हाताखालून गेलंय. अडतं ते शेवटच्या दहा मिनिटांत. तुमची लीडरशिप स्टाइल कोणती? यश म्हणजे काय? पाच वर्षांनी कुठे असाल?

आधी यूट्यूबवरची उत्तरं पाठ करून गेलो होतो. बोलताना माझं मलाच ते खोटं वाटत होतं, समोरच्यालाही कळलं असणार. म्हणून गेल्या आठवड्यात ऐरोलीला खरं ते सांगून टाकलं. म्हटलं, पाच वर्षांनीही मला फ्लोअरवरच राहायचंय, पण तोवर माझ्या हाताखालची दोन-तीन पोरं स्वतःची शिफ्ट सांभाळत असतील. त्यावर एचआरच्या मॅडम म्हणाल्या, "म्हणजे तुम्हाला पुढे जायचं नाही?" मला काही सुचेना. आठ दिवस झाले, फोन नाही.

हे विचार माझ्यात कुठून आले ते सांगतो. वडील पाटणकडचे, तुर्भ्याच्या कांदा-बटाटा मार्केटात माथाडी होते, पुढे टोळीचे मुकादम झाले. १९६९ चा माथाडी कायदा होता म्हणून त्यांना फंड, रजेचा पगार, दवाखाना मिळाला, आणि आम्ही भावंडं शिकलो. आमच्या घरात नेता म्हटलं की माथाडींची संघटना उभी करणाऱ्या अण्णासाहेब पाटलांचं नाव निघतं. वडील मुकादम झाल्यावरही पाठीवर गोणी घ्यायचे. ज्याची कंबर गेलीय त्याला मोजदादीला ठेवायचे आणि त्याच्या वाटच्या गोण्या बाकीच्यांत वाटून द्यायचे. हिशेब सगळ्या टोळीसमोर मोठ्याने वाचायचे. माणसं कशी सांभाळायची ते मी तिथे बघून शिकलो, ट्रेनिंगमध्ये नाही.

माझा स्वतःचा एक प्रसंग आहे. रात्रपाळी होती, डिस्पॅचला चार गाड्या उभ्या आणि फोर्कलिफ्टचा ब्रेक नीट लागत नव्हता. वरून निरोप आला, आजची रात्र चालवून घ्या. मी चावी काढून खिशात ठेवली. हँड पॅलेटने माल भरला, मीही ओढला. दोन गाड्या उशिरा सुटल्या आणि सकाळी मेलवर माझ्याकडे खुलासा मागितला. पण त्या ४ वर्षांत माझ्या शिफ्टला कुणाचं बोटसुद्धा चिरडलं नाही. माझ्या लेखी यश म्हणजे हे. मुलाखतीत सांगितलं तर म्हणतात, आकड्यांत सांगा. न झालेला अपघात आकड्यात कसा दाखवायचा?

पैसा नको असं अजिबात नाही. घराचा हप्ता आहे, मुलगी पहिलीत आहे. पगार वाढायलाच हवा. पण केबिनमध्ये बसून एक्सेल बघणारा मॅनेजर होणं हे माझं ध्येय नाही, आणि तसं बोललो तर रुजू झाल्यावर तशीच अपेक्षा ठेवतील.

येत्या गुरुवारी उलव्याच्या बाजूला, विमानतळाच्या मालाचं काम घेणाऱ्या एका गोदामात मुलाखत आहे. पद शिफ्ट सुपरवायझरचं. नेरूळला बदलून उरणची गाडी पकडली की खारकोपरला उतरून पोहोचता येतं, म्हणून ही नोकरी मला मनापासून हवी आहे.

तुमच्यापैकी कुणी गोदाम, लॉजिस्टिक्स किंवा कारखान्यात भरती करत असाल तर कृपया सांगा. "फ्लोअरवरच राहायचंय" हे महत्त्वाकांक्षा नाही असं वाटू न देता कसं मांडावं? मी तयार केलेल्या माणसांबद्दल आधी बोलू का? त्यातले दोघे आज दुसरीकडे शिफ्ट इनचार्ज आहेत. आणि फोर्कलिफ्टचा प्रसंग सांगावा की नको? जुन्या कंपनीची तक्रार करतोय, वरच्यांचं ऐकत नाही, असा अर्थ निघेल का? समोर तुम्ही बसला असतात तर हे ऐकून माझ्या नावापुढे काय लिहिलं असतं?