डेस्कवर अचानक रात्रपाळी, कसं जमवायचं?

प्रश्न: वर्तमानपत्राच्या नांदेड आवृत्तीत उपसंपादक आहे, दुपारची पाळी मोडून रात्री 8 ते 2 लावली. दिवसा झोप नाही, किनवट-माहूरचं डाक पान (लांबच्या गावांसाठी लवकर छापायचं पान) रोज लटकतं.

उत्तर 1: पान लटकतं ते वार्ताहर रात्री नऊला बातम्या टाकतात म्हणून. त्यांना 7 ची मुदत द्या. आतली पानं 9 पर्यंत छपाईला सोडा, पहिल्या पानावर उशिराच्या बातमीसाठी एकच चौकट मोकळी ठेवा. अंक नेणारी गाडी सुटली की पान कितीही देखणं असो, उपयोग शून्य.

उत्तर 2: शेवटचा चहा 10 ला, नंतर नाही. उजाडायच्या आत झोपा. मराठवाड्याच्या उन्हात कूलर लावाल तर खिडकी थोडी उघडी ठेवा, नाहीतर खोली दमट होते.

उत्तर 3: तास लिहून ठेवा हो! कायद्याने पत्रकारांना चार आठवड्यांत कमाल 144 तास काम, आठवड्याला सलग 24 तास सुट्टी. पाळी आलटून-पालटून मागा, तीही लेखी.