उणे पंधरात हीट पंप चालतो, पण घर त्या तयारीचं हवं

टिळकवाडीकर
माझी लेक आणि जावई जर्मनीत स्टुटगार्टजवळ राहतात. त्यांचं घर १९६०च्या दशकातलं, आणि घर तापवणारा तळघरातला गॅस बॉयलर आता शेवटच्या घटका मोजतोय. त्या जागी काय बसवायचं यावरून घरात दोन तट पडलेत. व्याह्यांचं म्हणणं, थंडीत हीट पंप नुसती वीज खातो, घर काही तापवत नाही. बेळगावातही हेच बऱ्याच जणांकडून ऐकलं, म्हणून हा धागा.

मला हे अजिबात पटत नाही. हीट पंप म्हणजे उलटा लावलेला फ्रीज. बाहेरच्या हवेतली उष्णता ओढून घरात सोडतो. बाहेर उणे दहा असलं तरी हवेत उष्णता असतेच. बऱ्याच नव्या यंत्रांत ही उष्णता वाहून नेायला प्रोपेन वायू फिरवतात, तो उणे ४२ ला उकळतो. त्याच्या दृष्टीने उणे दहाची हवा गरमच. साधा हिटर एका युनिट विजेत एकच युनिट उष्णता देतो. हीट पंप बाहेर सात अंश असताना तीन-चार युनिट देतो, उणे १५ ला दोनच्या आसपास. म्हणजे सगळ्यात वाईट दिवशीही हिटरच्या दुप्पट. नॉर्वेत निम्म्याहून जास्त घरांत हीट पंप आहेत. झुरिकच्या नगरभवनात तर १९३८ मध्येच नदीच्या पाण्यातली उष्णता ओढणारा पंप बसला होता. हे नवं खूळ नव्हे.

निवृत्त सुभेदार, येळ्ळूर
साहेब, मी मराठा लाइट इन्फन्ट्रीत होतो, लडाखात हिवाळे काढलेत. तिथं खोलीत रॉकेलची बुखारी असायची. टाकीतून थेंब-थेंब रॉकेल पडतं, पत्रा तापून लाल होतो, आणि झोपण्याआधी ती विझवायची म्हणजे विझवायचीच, कारण बंद खोलीत कार्बन मोनॉक्साइड झोपेतच माणूस नेतो. बुखारी चांगली आहे असं मी म्हणत नाही. पण वीज गेली तरी ती पेटते. लेहला राष्ट्रीय ग्रिडची लाइन पोचली ती २०१९ मध्ये. उणे वीसला रात्री लाइट गेली तर तुमचा हीट पंप म्हणजे अंगणातलं लोखंड. शिवाय त्या उंचीवर हवा जवळपास एक तृतीयांश विरळ, पंख्याने ओढून ओढून ओढणार किती? ज्या उबेवर जीव अवलंबून आहे ती एकाच तारेला बांधू नये, एवढंच मला कळतं.

उद्यमबाग रेफ्रिजरेशन
सुभेदार काका, वीज गेल्यावरचं तुमचं बरोबर आहे. पण गॅस बॉयलरचा पंप आणि कंट्रोलही विजेवरच चालतो की. लाइट गेली की तोही बंद.

खरी अडचण वेगळीच आहे आणि ती कुणी सांगत नाही. मशीनला उणे वीसपेक्षा शून्य ते पाच अंशांची दमट हवा जास्त छळते. कडक थंडीत हवा कोरडी असते. शून्याच्या आसपास मात्र बाहेरच्या कॉइलवर पांढरा थर चढतो, फिन्स म्हणजे तिच्यावरच्या पातळ पत्र्या बुजतात, हवा जायची थांबते. मग मशीन स्वतःच उलटी फिरते आणि घरातली उष्णता घेऊन तो बर्फ वितळवते. काही मिनिटं बाहेरच्या युनिटमधून वाफेचे लोट येतात. नवीन गिऱ्हाईक घाबरून फोन करतं, मशीन पेटली म्हणून. ते पाणी खाली पडतं आणि तिथंच पुन्हा गोठतं. म्हणून युनिट जमिनीवर ठेवायचं नाही, स्टँडवर उंच घ्यायचं, आणि पाण्याला वाट करून द्यायची. पायवाटेवर पाणी सोडलं तर सकाळी कुणीतरी घसरून पडणार. हे नीट न करता बसवून जातात आणि मग लोक हीट पंपच वाईट म्हणायलेत.

निपाणीचा हिशेबनीस
यंत्र चालतं हे मान्य. पैशाचं बोला. जर्मनीत घरगुती वीज गॅसच्या तिपटीच्या आसपास महाग आहे. बॉयलर ९० टक्के कार्यक्षम धरला तर एका युनिट विजेमागे मिळणाऱ्या उष्णतेची वर्षभराची सरासरी २.७ युनिटच्या वर गेली तरच हीट पंप स्वस्त. उणे १५ ला दोन मिळतात म्हणून खूश होण्यात अर्थ नाही, त्या दिवशी तोटाच. आणि नॉर्वेचा दाखला इथं लागू पडत नाही. त्यांची जवळजवळ सगळी वीज धरणांची, घरोघरी गॅसची पाइपलाइन नाही. शेजारच्या स्वीडनने १९९१ मध्ये कार्बन कर लावून तेल महाग केलं. त्या देशांत गणित जुळतं ते दरामुळे. साठ वर्षांच्या जुन्या घरात, बिनइन्सुलेशनच्या, म्हणजे ऊब अडवणारा थर नसलेल्या भिंतींमागे आणि गरम पाण्याने खोली तापवणाऱ्या छोट्या रेडिएटरवर हे यंत्र लावणं म्हणजे कर्ज काढून बिल वाढवणं.

खानापूरची लेक (सध्या ताम्पेरे, फिनलंड)
हिशेबनीस दादा, इकडचं एक सांगते, तुमच्याच बाजूचं. ५ जानेवारी २०२४ ला इथे कडाक्याची थंडी होती आणि विजेचा बाजारभाव दिवसभराच्या सरासरीने युनिटला जवळपास ९० सेंट झाला. बाजारभावाचा करार असलेल्यांच्या पोटात गोळा आला. तरी माझ्या गल्लीत कुणी हीट पंप काढून टाकला नाही. कारण वर्षात असे दिवस बोटावर मोजण्याइतके, आणि बहुतेक घरांत जोडीला लाकडाची शेगडी आहे. खिडक्यांना तीन काचा, दाराला रबर, माळ्यावर इन्सुलेशनचा जाड थर. संध्याकाळी शेगडी पेटवतात, बाकी वेळ पंप घर धरून ठेवतो.

जर्मनीच्या ताईंना एक करायला सांगा. हीट पंप कमी गरम पाण्यावर चांगला चालतो, म्हणून ऐन थंडीच्या आठवड्यात आहे त्याच बॉयलरचं पाणी ५५ अंशांवर आणून ठेवायचं. सगळ्या खोल्या उबदार राहिल्या तर घर हीट पंपाला तयार आहे. एखादीच खोली गार राहिली तर तेवढाच रेडिएटर मोठा करा. सगळं घर गारठलं तर आधी भिंती आणि छत, यंत्र नंतर.

जांबोटी रोड
आपल्याकडे घर तापवायचा प्रश्नच नाही, पण अंघोळीच्या पाण्याचा आहे. पावसाळ्यात कणकुंबीकडे सोलरचं पाणी कोमटसुद्धा होत नाही आणि बंबाला वाळकं लाकूड मिळत नाही. बाहेर २२ अंश असताना हीट पंपाला काहीच कष्ट नाहीत. हॉस्टेल-लॉजवाल्यांनी याचा विचार करावा.

टिळकवाडीकर
हिशेबनीस, २.७ चा तुमचा आकडा मान्य. पण तो वर्षाच्या सरासरीचा आहे, आणि तुम्ही मोजताय सगळ्यात गार दिवसावर. स्टुटगार्टचा हिवाळा बहुतांशी शून्याच्या वरच जातो, उणे १५ क्वचित. आणि १ जानेवारी २०२४ पासूनच्या घर तापवण्याच्या कायद्याबरोबर तिथे ७० टक्क्यांपर्यंत अनुदानाची सोय झाली, ती तुम्ही हिशेबात धरलीच नाही. गॅसवर कार्बनचा भार वर्षागणिक वाढतोय तोही नाही. वीस वर्षं टिकणारं यंत्र आजच्या एका बिलावर तोलू नका.

खानापूरच्या ताई, ५५ अंशांची परीक्षा लेकीला आजच कळवतो.

निपाणीचा हिशेबनीस
परीक्षेत घर नापास झालं तर भिंतींचा खर्च कोण धरणार? अनुदान धरा, पण तोही धरा. मगच व्याह्यांना उत्तर द्या.

निवृत्त सुभेदार, येळ्ळूर
आणि काही बसवा, पण घरात धुराची जुनी चिमणी असेल तर ती बुजवू नका म्हणावं. सोबत कार्बन मोनॉक्साइडचा अलार्म लावायला सांगा.