भांडणाऱ्या कोंबड्याला वेगळं काढण्याआधी

दादा, एकत्र ठेवलेले कोंबडे भांडले की भांडणाऱ्याला आठवडाभर दूर कोंडा असं काहीजण सुचवतात, ते मला पटत नाही. परत सोडला की वरचढ कोण हे ठरवायला पुन्हा जुंपते. आमच्याकडे नागपुरात पाच कोंबडे एकत्र आहेत, कोंबडी एकही नाही; तिच्यावरून जुंपते, म्हणून ती नजरेलाही पडू देऊ नका. मे महिन्यात दांडगा कोंबडा निंबाखालच्या एकुलत्या पाण्याच्या भांड्याशी ठाण मांडून बसायचा, बाकीचे चोच उघडी टाकून धापत उभे. तीन भांडी तीन कोपऱ्यांत ठेवली, मध्ये तट्ट्याचा आडोसा केला, तेव्हा निवळलं. तुऱ्यातून रक्त आलं तर मात्र लगेच उचला, लाल दिसलं की सगळे तिथंच टोचतात. जखम भरेपर्यंत जाळीपलीकडे, पण एकमेकांना दिसेल असाच ठेवा.