मदत हवी आहे: नवीन टॅबवर शेतात लोकेशन येईना, पीक पाहणी अडकली

गोदाकाठ_गंगाखेड
नमस्कार मंडळी. नवीन टॅब घेतला, पण शेतात नेला की लोकेशन येतच नाही. नुसतं गोल फिरत राहतं, नाहीतर कालचंच ठिकाण दाखवतं. पीक पाहणीची, म्हणजे शेतात उभं राहून ॲपवर पिकाचा फोटो अन् नोंद टाकायची, मुदत संपत आली. आमचे जमिनीचे दोन गट, शिवाय चुलत्यांचा एक. लोकेशन चालू आहे, परमिशन दिली, बंद करून चालू केला, सगळं करून झालं. दुकानात घेताना नकाशा उघडून बघितला होता तेव्हा ठिपका बरोबर दुकानावर होता. उद्या सकाळी परत जायचंय. लवकर सांगा.

उदगीरकर
कोणता टॅब? अँड्रॉइड कोणतं? सिम कोणाचं? शेतात रेंज असते का?

गोदाकाठ_गंगाखेड
दहा इंची, चार जीबी. रेंज आहे, दोन काड्या. व्हॉट्सॲप चालतं शेतात. लोकेशनचं सांगा.

काळी_माती_लातूर
टॅब घेतला कामून? लॅपटॉप घ्यायचा होता. आमच्या मुलीला अकरावीला टॅब घेतला. व्हिडिओ बघायला बरा आहे, पण टेस्ट सिरीज सोडवताना अन् प्रोजेक्ट टाईप करताना लई अडचण. शेवटी लॅपटॉप घ्यावाच लागला. किमान ८ जीबी रॅम अन् एसएसडी बघा, बाकी चमकधमक सोडा. मेमरी नंतर वाढवता येते का तेही विचारा, कारण पातळ लॅपटॉपमध्ये रॅम बोर्डावर चिकटवलेली असते.

उदगीरकर
दादा, ते शेतात पीक पाहणी करायलेत. लॅपटॉप घेऊन बांधावर उभं राहायचं का?

काळी_माती_लातूर
पाहणी झाल्यावर टॅबचं काय करणार ते सांगतोय. पैसा एकदाच जातो.

मास्तर_नांदेड
सर्वांना नमस्कार. मी बरीच वर्षे संगणक शिकवला, म्हणून मुळापासून सांगतो. सोबत नेता येणारा संगणक ही कल्पना जुनी आहे. १९८१ चा ऑस्बोर्न १ उचलून नेता यायचा, पण वजन जवळजवळ ११ किलो आणि पडदा पाच इंची. १९९४ मध्ये आयबीएमचा सायमन आला. फोन आणि संगणक एकाच यंत्रात, वर स्पर्शाचा पडदा. पुढे २००७ मध्ये आयफोन, २०१० मध्ये आयपॅड. आपल्याकडे २०११ मध्ये सरकारने विद्यार्थ्यांसाठी स्वस्तातला आकाश टॅब आणला होता, त्याची तेव्हा फार चर्चा झाली होती.

हे सांगण्याचं कारण असं की बाहेरून फोन आणि टॅब सारखे दिसतात, आत काय बसवलंय ते प्रत्येकात वेगळं असतं. प्रोसेसर, रॅम, बॅटरी हे सगळे विचारतात. पण आत सेन्सर आणि रेडिओही असतात. आडवा-उभा धरला की चित्र फिरवणारा ॲक्सिलरोमीटर, दिशा सांगणारा मॅग्नेटोमीटर, वायफायचा रेडिओ, ब्लूटूथचा, सिमचा आणि जीपीएसचा. स्वस्त करायचं म्हटलं की कंपन्या यातलेच काही गाळतात, आणि जाहिरातीत ते लिहीत नाहीत. तुमच्या टॅबमध्ये जीपीएस आहे का, हे आधी तपासा.

गोदाकाठ_गंगाखेड
सर, जीपीएस आहे. वरून ओढलं की लोकेशनचं बटण आहे अन् ते चालू आहे. दुकानात ठिपका बरोबर आला होता, वर सांगितलंय.

मोबाईल_दुरुस्ती_जालना
भाऊ, उदगीरकरांनी विचारलेल्या सिमचं तुम्ही उत्तर दिलं नाही. सिम टॅबमध्ये आहे का फोनमध्ये?

गोदाकाठ_गंगाखेड
फोनमध्ये. हॉटस्पॉट देतो. त्यानं काय फरक पडतो? नेट तर येतंय.

मोबाईल_दुरुस्ती_जालना
तिथंच घोळ दिसतोय. टॅबच्या पाठीमागं किंवा खोक्यावर बारीक अक्षरांचं स्टिकर असतं. कंपनीचं नाव झाकून त्याचा फोटो टाका.

गोदाकाठ_गंगाखेड
टाकला बघा. आता शेतातच आहे.

मोबाईल_दुरुस्ती_जालना
स्टिकरवर सिरियल नंबर आहे अन् वायफायचा मॅक नंबर आहे. आयएमईआय नाही. ज्यात सिम चालतं त्या प्रत्येक यंत्राला १५ आकडी आयएमईआय असतो. तुमच्या फोनवर स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबा, लगेच दिसेल. टॅबवर तो नाही म्हणजे हा फक्त वायफायवाला. अशा बऱ्याच टॅबमध्ये जीपीएसची चीपच नसते.

मग दुकानात ठिपका कसा आला? बाजारपेठेत आजूबाजूला पन्नास वायफाय. टॅब त्यांची नावं अन् सिग्नल वाचतो, गूगलकडं ते राऊटर कुठं आहेत याची यादी असते, त्यावरून जागा काढतो. तुमच्या शेतात राऊटर कुठून येणार? लोकेशनचं बटण सगळ्याच टॅबला असतं, त्यावरून चीप आहे असं धरू नका. अन् हॉटस्पॉटमधून नेट जातं, फोनला मिळालेली उपग्रहाची जागा टॅबला जात नाही.

उदगीरकर
हे सरसकट म्हणू नका. माझा टॅब फक्त वायफायचा आहे अन् त्याला जीपीएस आहे. गाडीत लावून सोलापूरपर्यंत गेलोय, नेट बंद ठेवून.

मोबाईल_दुरुस्ती_जालना
मी 'बऱ्याच' म्हणलोय, 'सगळ्या' नाही. आयपॅडचं पक्कं आहे, फक्त वायफायवाल्यात जीपीएस नसतं, सिमवाल्यात असतं. अँड्रॉइडमध्ये मॉडेलप्रमाणे बदलतं. वाद कशाला, भाऊ, प्ले स्टोअरवरून जीपीएसटेस्ट नावाचं ॲप टाका. उघड्यावर उभं राहून पाच मिनिटं बघा किती उपग्रह दिसतात.

शेतकरी_मित्र_सेलू
फोटोत टॅबच्या मागं सोयाबीन पिवळं पडलेलं दिसतंय. ते आधी बघा. पिवळा मोझॅक (विषाणूचा रोग) असेल तर पांढरी माशी तो रानभर पसरवते. अशी झाडं उपटून टाका, पिवळे चिकट सापळे लावा.

काळी_माती_लातूर
मोझॅक वाटत नाही. शिरा हिरव्या अन् मधलं पान पिवळं दिसतंय, ही लोहाची कमतरता. पाणी साचलं की आमच्याकडंही असंच होतं.

शेतकरी_मित्र_सेलू
फोटोवरून शिरा कळतात का? मोझॅकमध्ये हिरवे-पिवळे चट्टे एकमेकांत मिसळलेले असतात. जवळून पानाचा फोटो टाका, मग बोलू.

गोदाकाठ_गंगाखेड
सोयाबीनचं नंतर. जीपीएसटेस्ट टाकलं. दहा मिनिटं उभा होतो. उपग्रहांच्या जागी शून्य. खाली यादीपण रिकामी. फोनवर तेच ॲप टाकलं तर एका मिनिटात २० च्या वर दिसले. म्हणजे टॅब वायाच? दुकानदार तर म्हणला सगळं चालतं.

मास्तर_नांदेड
उलगडा झाला. फोन तिथं का चालतो तेही सांगतो, कारण 'नेट नाही म्हणून लोकेशन नाही' असं पुष्कळ जण समजतात. जीपीएसचे उपग्रह सुमारे २०,२०० किलोमीटर उंचीवर फिरतात आणि सतत वेळ व स्वतःची जागा सांगत राहतात. फोन त्यांना काही पाठवत नाही, नुसता ऐकतो आणि सिग्नल यायला लागलेल्या वेळेवरून प्रत्येक उपग्रहाचं अंतर काढतो. चार उपग्रह ऐकू आले की हिशेब सुटतो. तीन अंतरं पुरतील असं वाटतं, पण फोनचं घड्याळ तेवढं अचूक नसतं, म्हणून चौथा लागतो. उपग्रहाकडून माहिती सेकंदाला फक्त ५० बिट या वेगानं येते. नेट असेल तर तीच माहिती आधीच उतरवून घेतली जाते, म्हणून लोकेशन चटकन मिळतं. नसेल तर थोडं थांबावं लागतं, इतकंच. अमेरिकेच्या जीपीएसखेरीज रशियाचा ग्लोनास, युरोपचा गॅलिलिओ आणि आपल्या इस्रोचा नाविकही आहे. तुमच्या फोनला २० च्या वर दिसले ते असे सगळे मिळून.

उदगीरकर
टॅब वाया नाही. ब्लूटूथवाला जीपीएस रिसीव्हर मिळतो, काडीपेटीएवढा. तो टॅबला जोडा, डेव्हलपर ऑप्शनमध्ये जाऊन मॉक लोकेशन निवडा, काम झालं.

मोबाईल_दुरुस्ती_जालना
हे अजिबात करू नका. मॉक लोकेशन म्हणजे बाहेरून दिलेली जागा. खोट्या जागेवरून फोटो टाकायलाही लोक तेच वापरतात, म्हणून अशी ॲप ते ओळखून अडवू शकतात. रिसीव्हर खरा असला तरी ॲपला ते कसं कळणार? सरकारी नोंदीत संशय नको. आज सातबाऱ्यावर पीक चढलं नाही तर उद्या विमा, अनुदान, हमीभावाची खरेदी, सगळीकडं हेच विचारतील.

उदगीरकर
सर्व्हेवाले वापरतात की.

मोबाईल_दुरुस्ती_जालना
त्यांच्या ॲपमध्ये रिसीव्हर जोडायची सोय असते. इथं तशी सोय कुणी दाखवा, मग मान्य. फोन हातात असताना हा खटाटोप कशाला?

गोदाकाठ_गंगाखेड
फोनची काच फुटली आहे, उन्हात काहीच दिसत नाही. स्टोरेज फुल आहे, ॲप उघडताच बंद पडतं. म्हणून तर टॅब घेतला. वडिलांनापण मोठ्या पडद्यावर दिसावं म्हणून.

मोबाईल_दुरुस्ती_जालना
हे पहिल्यांदा सांगितलं असतं तर बरं झालं असतं. आज रात्री व्हॉट्सॲपच्या सेटिंगमध्ये स्टोरेज उघडा, मोठे व्हिडिओ अन् गुड मॉर्निंगचे फोटो काढून टाका. दोन-तीन जीबी मोकळी करा. पीक पाहणीचं ॲप प्ले स्टोअरवरून अपडेट करा. सकाळी आठच्या आत जा, ऊन कमी असतं अन् फोन तापत नाही. तापला की तो स्वतःच पडद्याचा उजेड कमी करतो. झाडाखाली उभं राहू नका, आभाळ उघडं पाहिजे. आधी जीपीएसटेस्टमध्ये अचूकता पाच-सात मीटरवर येऊ द्या, मग फोटो घ्या.

अंबाजोगाईची_ताई
आणि अपलोड होत नसेल तर घाबरू नका. माहिती भरून ठेवा, रेंज असलेल्या ठिकाणी येऊन पाठवा. आमच्या वाडीवर सगळे असंच करतात. चार्जिंग मात्र पूर्ण करून जा, लाईटचा भरवसा नाही.

गोदाकाठ_गंगाखेड
आमचे दोन्ही गट झाले फोनवरून. सगळ्यांचे मनापासून आभार. दुकानदार खोकं उघडलं म्हणून टॅब बदलून देत नाही, त्याच्याशी बोलणं चालू आहे. आता चुलत्यांच्या गटात उभं राहिलं की ॲप म्हणतं, तुम्ही गटाच्या बाहेर आहात. उपग्रह तर २२ दिसतात.

अंबाजोगाईची_ताई
भाऊ, महाभूनकाशावर (जमिनीच्या नकाशांची सरकारी साईट) तो गट नंबर उघडून बघा. भावाभावांत तोंडी वाटणी झालेली असली की वहिवाट एका गटात अन् सातबारा दुसऱ्या गटाचा, असं पुष्कळ ठिकाणी निघतं. तसं असेल तर फोन बरोबर सांगतोय. ग्राम महसूल अधिकाऱ्यांना आजच भेटा, मुदतीची वाट बघू नका.

गोदाकाठ_गंगाखेड
वाटणी आजोबांच्या काळातली, तोंडीच आहे. चुलत्यांना घेऊन सज्जावर जातो.

पाथरीकर_०७
मलापण टॅब घ्यायचाय, शेतासाठीच. काय बघून घेऊ?

मोबाईल_दुरुस्ती_जालना
सिमवाला घ्या. कंपनीच्या साईटवर त्याच मॉडेलची माहिती उघडा, त्यात जीपीएस हा शब्द स्पष्ट लिहिलेला पाहिजे. पडद्याचे निट्स (उजेडाचं माप) विचारा, शेतात ४०० च्या खाली दिसत नाही. अन् पैसे द्यायच्या आधी दुकानातल्या नमुना टॅबवर जीपीएसटेस्ट टाका, तो घेऊन रस्त्यावर या, उपग्रह मोजा. दुकानदार बाहेर नेऊ देत नसेल तर दुसरं दुकान बघा.