अनुभव धागा : गाडीचे अ‍ॅव्हरेज वाढवण्यासाठी तुम्ही काय केलेत?

गेल्या आठवड्यात माळा आवरताना बाबांची गाडीची वही हाती लागली. खिशात मावेल एवढ्या त्या वहीच्या प्रत्येक पानावर पट्टीने चार रकाने आखलेले आहेत : तारीख, किलोमीटर, भरलेले पेट्रोल आणि त्या टाकीचे अ‍ॅव्हरेज. पंपावर टाकी पूर्ण भरून हा हिशेब लिहिल्याशिवाय बाबा गाडी हलवत नसत आणि मागच्या रांगेतून हॉर्न वाजू लागले की आम्ही भावंडे मागच्या सीटवर खाली सरकून बसत असू.

वही चाळताना एका पानावर मी थबकले. चौदाच्या आसपास फिरणारा आकडा तिथे सलग तीन टाक्या बारावर आला आहे आणि समासात बारीक अक्षरांत “डावे पुढचे चाक गरम” एवढेच लिहिले आहे. तेव्हा मला आठवले, की एकदा घरी पोहोचल्यावर बाबा एकेका चाकाजवळ तळहात धरून, जणू कोणाचा ताप पाहावा तसे, गाडीभोवती फिरत होते. ब्रेकचा पिस्टन अडकल्यामुळे पॅड डिस्कला घासत राहिले होते, म्हणजे गाडी ब्रेक लावलेल्या अवस्थेतच चालत होती. दुरुस्तीनंतरच्या नोंदीत पुन्हा चौदा दिसतात.

मग मीही तसा हिशेब सुरू केला. गाडीच्या पडद्यावर १८.२ दिसत असताना टाकी ते टाकी मोजलेला आकडा १६.९ आला. त्यानंतर मी एकच गोष्ट बदलली : पुढचा सिग्नल लाल दिसताच अ‍ॅक्सिलरेटरवरून पाय काढायचा आणि शक्य तितके अंतर गाडीला तिच्या वेगाने जाऊ द्यायचे. चार टाक्यांची सरासरी १८.४ आली. आपापले अनुभव लिहावेत, फसलेले प्रयोगही चालतील.

———

पडदा साधारणपणे गाडीची बाजू घेतो, हा माझाही अनुभव आहे. मोजताना दर वेळी नोझल पहिल्यांदा आपोआप बंद होईल तिथेच थांबावे. त्यानंतर “अजून थोडे” म्हणून पेट्रोल कोंबले, तर हिशेब तर चुकतोच, शिवाय टाकीतली वाफ शोषणाऱ्या कोळशाच्या डब्यात द्रव पेट्रोल शिरून तो खराब होऊ शकतो. मला हे तो डबा बदलावा लागल्यानंतर कळले.

———

ताई, पाय लवकर काढल्याने एवढा फरक का पडतो, याचे गणित मी एकदा मांडले होते. बाराशे किलो वजनाची गाडी ताशी ६० किलोमीटर वेगाने धावत असेल, तर तिच्यात सुमारे १६७ किलोज्यूल गतिज ऊर्जा असते. एक लिटर पेट्रोलमध्ये सुमारे ३३ मेगाज्यूल ऊर्जा असली, तरी तिचा चौथा हिस्साच चाकांपर्यंत पोहोचतो असे धरू. म्हणजे गाडीला त्या वेगाला आणण्यासाठीच साधारण २० मिलिलिटर, म्हणजे चहाचे चार चमचे पेट्रोल लागते. आपण ब्रेक करकचून दाबतो, तेव्हा ते चार चमचे डिस्क तापवण्यात जातात. असे पन्नास वेळा केले की एक लिटर संपला. हा हिशेब बसल्यापासून ब्रेक दाबताना मला खरोखर चमचे दिसतात.

———

उतारावर गाडी न्यूट्रलमध्ये टाकण्याची सवय मी वीस वर्षे अभिमानाने बाळगली. काकांनी मला गाडी शिकवली ती कार्ब्युरेटरच्या काळात आणि तेव्हा त्यांचे म्हणणे बरोबरही असेल. आताच्या इंजेक्शनच्या इंजिनात मात्र गाडी गिअरमध्ये असताना पाय पूर्ण काढला, तर ठरावीक फेऱ्यांच्या वर इंजेक्टर इंधन देणेच बंद करतात आणि चाकेच इंजिनाला फिरवत राहतात. न्यूट्रलमध्ये टाकले की इंजिनाला सुरू राहण्यासाठी पुन्हा इंधन घ्यावे लागते. थोडक्यात, वीस वर्षे मी बचतीच्या नावाखाली पेट्रोल जाळले.

———

वरच्या प्रतिसादाशी मी पूर्ण सहमत नाही. अगदी सौम्य उतारावर गिअरमधली गाडी इंजिनाच्या ओढीने मंदावते आणि पुन्हा अ‍ॅक्सिलरेटर द्यावा लागतो, तर न्यूट्रलमध्ये ती बरीच पुढे जाते. तिथे हिशेब उलटा होऊ शकतो.

———

हिशेब उलटा होईल, हे मान्य. पण मोठ्या उतारावर सगळा भार ब्रेकवर टाकून ते तापवायचे आणि ऐन वेळी वेग घ्यायचा झाला तर गिअर शोधत बसायचे, हे त्या दोन चमच्यांसाठी मला परवडणार नाही. काकांना मात्र अजून हे सांगितलेले नाही.

———

बाळ उठण्याआधी थोडक्यात लिहिते. मी टायरच्या कडेवर छापलेल्या आकड्याएवढी हवा वर्षभर भरत होते. गाडी खड्ड्यांतून अशी उडायची, की सासूबाई मागे बसायला तयार होईनात. तो आकडा टायर सोसू शकेल त्या कमाल दाबाचा असतो. आपल्या गाडीचा योग्य दाब चालकाच्या दरवाजाच्या खांबावरच्या स्टिकरवर लिहिलेला असतो आणि तो टायर थंड असताना मोजायचा असतो. हवा कमी असली की टायर प्रत्येक फेरीत जास्त दबतो व त्यात इंधन वाया जाते, पण म्हणून जास्त भरणे हा त्यावरचा उपाय नव्हे.

———

माझ्या गाडीचे अ‍ॅव्हरेज हळूहळू उतरत गेले आणि मेकॅनिकने एअर फिल्टर, प्लग, इंजेक्टरची सफाई असे सगळे करून पाहिले. शेवटी कारण सापडले ते माझ्या मुलीच्या एका प्रश्नामुळे. तिने विचारले, की हा तापमानाचा काटा नेहमी खालीच का असतो? थर्मोस्टॅट उघडाच अडकला होता. त्यामुळे पाणी सतत रेडिएटरमधून फिरत राहायचे, इंजिन पुरेसे तापायचेच नाही आणि संगणक आपला थंड इंजिन समजून जास्त पेट्रोल देत राहायचा. मूठभर आकाराचा तो भाग बदलल्यावर काटा मध्यावर आला आणि अ‍ॅव्हरेजही पूर्वपदावर आले. एअर फिल्टर मात्र विनाकारण बदलला, कारण इंजेक्शनच्या गाडीत मळलेल्या फिल्टरने ओढ कमी होते, अ‍ॅव्हरेजवर फारसा परिणाम होत नाही.

———

थंड इंजिनावरून आठवले. आमच्या घरी एका दिवसात चार वेळा दोन-दोन किलोमीटरच्या फेऱ्या व्हायच्या आणि दर वेळी इंजिन तापण्याच्या आत गाडी परत दारात यायची. आता सगळी कामे एकाच फेरीत उरकतो आणि सर्वांत लांबचे काम आधी घेतो, म्हणजे पुढच्या थांब्यांवर इंजिन गरम मिळते. जवळच्या कामाला चालत जावे, हा सल्ला यजमानांना मान्य आहे, फक्त तो मी पाळावा अशी त्यांची अपेक्षा आहे.

———

टपावरचे कॅरिअर काढून ठेवा. मी सहलीनंतर आठ महिने ते रिकामेच मिरवत होतो. हवेचा अवरोध वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणजे ताशी ८० ऐवजी १०० ने गेल्यास तो दीडपटीहून थोडा अधिक होतो, आणि वर कॅरिअर असले तर ती भर वेगळीच. १९७३ च्या तेलसंकटानंतर अमेरिकेने १९७४ मध्ये देशभर ताशी ५५ मैलांची, म्हणजे सुमारे ८८ किलोमीटरची वेगमर्यादा घातली, ती इंधन वाचवण्यासाठीच. हायवेवर काचा खाली करून एसी वाचवणाऱ्यांनीही याचा विचार करावा, कारण तो उपाय शहरातल्या मंद वेगालाच शोभतो.

———

घरात दोन गाड्या असतील, तर आधी कमी अ‍ॅव्हरेजच्या गाडीकडे लक्ष द्या. लिटरमागे १० किलोमीटर देणारी गाडी १२ वर आली, तर हजार किलोमीटरमागे सुमारे १७ लिटर वाचतात. २० वरची गाडी २५ वर नेली, तरी १० लिटरच वाचतात. मी वर्षभर लहान गाडीमागे लागलो होतो आणि मोठी गाडी मुलगा पिटाळत होता.

———

सिग्नलवर इंजिन बंद करावे का, याबद्दल कोणी लिहिले नाही. उभ्या गाडीचे इंजिन तासाला साधारण अर्धा ते एक लिटर पेट्रोल घेते आणि आताची गरम इंजिने पुन्हा सुरू होताना फारच थोडे घेतात. मी मोठ्या सिग्नलला बंद करतो. बॅटरी जुनी झाली असेल, तर मात्र हा प्रयोग रांगेत सर्वांत पुढे उभे असताना करू नये. माझा झाला आहे.

———

ताई, तुमचा धागा सकाळी वाचला आणि ऑफिसमधून घरी पोहोचल्यावर बाबांसारखाच चाकांभोवती फिरलो. डिस्कला हात लावायचा नसतो एवढे ठाऊक होते, म्हणून रिमपासून चार बोटे अंतरावर तळहात धरला. तीन चाके कोमट होती. मागच्या उजव्या चाकाजवळ हात ठेववेना. हँडब्रेक काढून गाडी हाताने ढकलून पाहिली, तर ती सपाट जागेवरही हलेना, आणि मी मात्र दोन महिन्यांपासून पंपावरच्या पेट्रोलला दोष देत होतो. उद्या सकाळी गॅरेजला नेतो आहे.